पाच दारी यंत्र, सहाव्या दारी आपण: खाडीच्या संकेतस्थळाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यायला लागले की आमच्या पक्षीनिरीक्षक गटाच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी एकच प्रश्न येतो. आज दिसतील का, किती वाजता जाऊ? उत्तर सर देतात. सर नवी मुंबईत नेरूळला राहतात, शाळेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून खाडी हीच त्यांची शाळा. तेच उत्तर दिवसातून दहा जणांना टाईप करून त्यांची बोटं दुखायला लागली आहेत, म्हणून हल्ली ते आवाज रेकॉर्ड करून पाठवतात.

उत्तर दर दिवशी बदलतं, हीच अडचण. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित तिथे खायला पांगतात. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला तेव्हा दूरवर एक गुलाबी रेघ दिसते, तीही दुर्बीण असली तर. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यातले बरेच पक्षी नेरूळच्या डीपीएस तलावावर, सीवूड्सच्या एनआरआय पाणथळीवर, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला येऊन उभे राहतात. म्हणजे जवळून बघायचं तर भरती गाठायची. भरती मात्र रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल अकराला गेलो होतो म्हणून आज अकराला गेलं की चुकलंच.

हे सगळं आमच्या संकेतस्थळावर लिहिलेलं आहे. आठवड्याची भरतीची सारणी, कुठे उभं राहायचं, किती अंतर ठेवायचं, ड्रोन का नको. वाचायला कोणी येत नाही. लोक फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर आहेत.

म्हणून हा प्रकल्प. लिहायचं एकदाच, आपल्या संकेतस्थळावर. तिथून यंत्राने ते बाकीच्या ठिकाणी न्यायचं आणि तिथल्या माणसाला मूळ पानावर आणायचं. उलट दिशेने जायचं नाही, म्हणजे आधी फेसबुकवर टाकून मग जमलं तर संकेतस्थळावर, असं नाही. गेल्या वर्षी सरांचा एक उत्तम लेख फक्त फेसबुकवर होता. आता तो आम्हालाच शोधून सापडत नाही.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसनंतर दोन तास. आज फक्त कोणती दारं यंत्राला उघडी आहेत ते पाहिलं.

फेसबुक पेज उघडं आहे. फेसबुकच्या वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरचं ॲप पोस्ट टाकू शकत नाही, ते ऑगस्ट २०१८ मध्येच बंद झालं. पक्षीनिरीक्षकांचे मोठमोठे फेसबुक ग्रुप आहेत आणि माझी खरी आशा त्यांच्यावर होती. पण मेटाने ग्रुपसाठीची सोय एप्रिल २०२४ मध्ये काढून घेतली. ग्रुपमध्ये जे टाकायचं ते हातानेच.

इन्स्टाग्राम उघडं आहे, पण खातं व्यावसायिक किंवा क्रिएटर प्रकारचं हवं. आपलं खातं बदलून घेतलं. फोटो आधी सार्वजनिक पत्त्यावर असावा लागतो, तिथून इन्स्टाग्राम तो स्वतः उचलतं. आपल्याकडे संकेतस्थळ आहेच. एक्सची मोफत सोय २०२३ पासून आखडली आहे, तरी आज, जानेवारी २०२५ मध्ये, दिवसाला दोन पोस्ट तिच्यात बसतात. टेलिग्राम सगळ्यांत सरळ: बॉटफादर या टेलिग्रामच्याच खात्याकडून बॉट (यंत्राने चालणारं खातं) घ्यायचा, चॅनलचा ॲडमिन करायचा, झालं. बाहेरगावचे काही पक्षीनिरीक्षक एक्ससारख्याच ब्लूस्कायवर गेलेत म्हणून तेही धरलं.

व्हॉट्सॲप चॅनलवर यंत्राने पोस्ट टाकायला अधिकृत वाट नाही. अनधिकृत वाटा आहेत, पण त्यात नंबर बंद होण्याचा धोका असतो आणि नंबर सरांचा आहे. तो धोका घ्यायचा नाही, हे आजच ठरवून टाकलं. म्हणजे पाच दारी यंत्र आणि सहाव्या दारी आपण.

इन्स्टाग्रामचं टोकन, म्हणजे यंत्राला आत शिरायची किल्ली, आज काढलं. ते ६० दिवस चालतं.

९ जानेवारी, गुरुवार

मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद वाचावी असं मला वाटतं.

आपलं संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालतं, आणि ते लेखाच्या शीर्षकावरून दुवा तयार करतं. शीर्षक देवनागरीत असेल तर दुव्यातलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि काना-मात्राही वेगळी, नऊ रोमन चिन्हांत बदलतं. व्हॉट्सॲपवर तो दुवा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसतो. लोकांना तो फसवणुकीचा वाटतो, आणि वाटणारच. एवढंच असतं तर चाललं असतं. पण वर्डप्रेस दुव्याचा हा तुकडा २०० चिन्हांवर कापतं. २०० भागिले ९ म्हणजे जेमतेम २२ मराठी चिन्हं.

सरांचे दोन लेख आहेत: ‘नेरूळच्या तलावावर रोहित कधी येतात’ आणि ‘नेरूळच्या तलावावर रोहित का येतात’. दोन्हींचा दुवा ‘रोहित’ या शब्दापाशी संपला. दुसऱ्याच्या शेवटी नुसता दोनचा आकडा चिकटला. ‘कधी’ विचारणाऱ्याला मी स्वतः आठवडाभर ‘का’चा लेख पाठवत होते.

उपाय सोपा आहे. शीर्षक मराठीतच ठेवायचं, दुव्यातला तुकडा मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, प्रत्येक लेखाला हाताने द्यायचा. बसले आणि सगळ्या जुन्या लेखांचे दुवे बदलून टाकले.

१० जानेवारी, शुक्रवार

कालच्या कामाने आज घोळ केला. ‘हा लेख आधी पाठवला आहे का’ हे माझी स्क्रिप्ट, म्हणजे पोस्ट पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, दुव्यावरून ओळखत होती. दुवे बदलले, त्यामुळे तिला फीडमधले (संकेतस्थळाच्या ताज्या लेखांच्या यादीतले) दहाच्या दहा लेख नवे वाटले आणि सकाळी ते सगळे टेलिग्रामवर गेले. बाकीची खाती अजून जोडलेली नव्हती, म्हणून एका ठिकाणीच निभावलं.

फीडमध्ये प्रत्येक लेखाला एक कायमची खूण असते. वर्डप्रेसमध्ये ती लेखाच्या क्रमांकावरून बनते आणि दुवा बदलला तरी बदलत नाही. आता ओळख तिच्यावरून.

१२ जानेवारी, रविवार

आज दिवसभर मराठी मजकूर नीट कापणे हे एकच काम केलं.

एक्सवर २८० चिन्हं. दुवा कितीही लांब असो, तिथे तो २३ धरला जातो, त्यामुळे मजकुराला अडीचशेच्या आसपास उरतात. पण मराठीत ही गिनती घट्ट बसते, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ठाणे’ ही आपल्याला दोन अक्षरं, एक्सला चार. ब्लूस्कायची मर्यादा ३००, पण ते आपल्यासारखं अक्षर मोजतं. तिथे ‘ठाणे’ दोनच. त्यामुळे ब्लूस्कायवर जवळजवळ दुप्पट मजकूर मावतो. एकाच मोजपट्टीने दोन्हीकडे कापलं तर एकीकडे तरी चुकणारच.

पहिल्या चाचणीत स्क्रिप्टने मर्यादेवर सरळ कात्री चालवली. वाक्य होतं, ‘खाडीत सध्या हजारो पक्षी’. शेवटची वेलांटी कापली गेली आणि उरलं ‘खाडीत सध्या हजारो पक्ष’. एक मात्रा गेली आणि अर्थच दुसरा झाला. इंग्रजीत कापलेला शब्द अर्धवट दिसतो, वाचणाऱ्याला लगेच कळतं. मराठीत कापलेला शब्द बऱ्याचदा दुसराच पूर्ण शब्द असतो, आणि ते जास्त वाईट.

आता कापायचं ते शब्दाच्या मधल्या जागेवरच, आणि शक्यतो पूर्णविरामावर. दोन्ही जमत नसेल तर पोस्ट पाठवायचीच नाही, मला निरोप यायला हवा.

ब्लूस्कायवर आणखी एक. मजकुरातला कुठला भाग दुवा आहे हे तिथे बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीचं माप, मोजून सांगावं लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. मी चिन्हं मोजून दिली, त्यामुळे निळा दुवा वाक्याच्या मधल्याच शब्दांवर जाऊन बसला. दुरुस्त केलं. शिवाय दुव्याखालचं चित्राचं कार्ड तिथे आपोआप येत नाही, शीर्षक, वर्णन आणि चित्र आपणच जोडून पाठवायचं.

१५ जानेवारी, बुधवार

फेसबुकवर प्रत्येक पोस्ट दोनदा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘फेसबुकवरही शेअर करा’ कधीतरी चालू केलेलं होतं, आणि स्क्रिप्टही पाठवत होती. बंद केलं.

१८ जानेवारी, शनिवार

कोण कुठून आलं हे कळण्यासाठी दुव्यांच्या शेवटी यूटीएमच्या खुणा, म्हणजे दुवा कुठे टाकला ते सांगणारे शब्द, लावल्या. या खुणांतलं ‘यू’ अर्चिन या कंपनीचं. गूगलने ती २००५ मध्ये घेतली आणि तिच्यातूनच संकेतस्थळावर येणाऱ्यांची मोजणी करणारं गूगल ॲनालिटिक्स आलं. प्रत्येक दारासाठी वेगळी खूण, नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस ‘थेट’ या रकान्यात जातो आणि आपल्याला वाटतं की लोक पत्ता पाठ करून येतात.

खुणा लावलेला दुवा पुन्हा लांबलचक होतो. म्हणून आपल्याच डोमेनवर छोटे दुवे केले, ते पुढे खुणांसकट मूळ पानावर नेतात. दुसऱ्या कुणाची दुवा आखूड करायची सेवा वापरायची नाही. ती उद्या बंद पडली तर पोस्टमधले सगळे दुवे मेले.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, माणूस आला की नाही एवढं कळलं तरी मला पुरे. पण तो पक्षी बघून परत गेला का, ते तुझं यंत्र सांगतं का?" सांगत नाही. हा प्रश्न इथे लिहून ठेवते.

२७ जानेवारी, सोमवार

आजपासून पाचही दारी रोज सकाळी. स्क्रिप्ट गिटहब ॲक्शन्सवर आहे, ही ठरल्या वेळी कामं चालवणारी इंटरनेटवरची सेवा. वेळ ७:१७ ठेवली, साडेसात नाही. गिटहबचं घड्याळ जागतिक वेळेचं, साडेपाच तास मागे. आपले साडेसात म्हणजे तिथले बरोबर दोन, आणि तासाच्या ठोक्याला तिथे गर्दी होऊन कामं रेंगाळतात.

पहिल्याच दिवशी काहीच गेलं नाही. लेख ७:०० ला प्रसिद्ध व्हायचा ठरवला होता, पण वर्डप्रेसचं ठरवलेलं काम घड्याळ बघून होत नाही. कोणीतरी संकेतस्थळावर आलं की ते जागं होतं आणि मग राहिलेलं काम उरकतं. सोमवारी सकाळी सातला आपल्याकडे कोण येणार? ७:१७ ला स्क्रिप्ट आली, तिच्याच येण्याने वर्डप्रेस जागं झालं, लेख प्रसिद्ध झाला, पण तोवर ती रिकाम्या हाताने परतली होती. होस्टिंगवर दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसला उठवणारं खरं क्रॉन, म्हणजे घड्याळावर चालणारं काम, लावलं. उद्या बघू.

१ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस सुरळीत. उद्या २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसरला पाणथळींचा करार झाला. आपली खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे, ६,५२१ हेक्टर. त्याआधी २०१५ मध्ये त्यातला १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. उद्याच्या पोस्टमध्ये हे आहेच. आज माघी गणेश जयंतीची सुट्टी घरात गेली, म्हणून रात्री बसून एक भर घातली: सारणीतून त्या दिवसाच्या भरतीची वेळ उचलून पोस्टच्या पहिल्या ओळीत आणि चित्रावर. लोकांना तीच हवी असते.

२ फेब्रुवारी, रविवार

साडेनऊला सरांचा फोन. "तू वेळ काय दिलीस? तलावावर माणसं आली आहेत आणि एक पक्षी नाही."

पोस्टमध्ये होतं, ‘आज भरती सकाळी ९:३०’. सारणीत होतं दुपारी ३:००. साडेपाच तासांचा फरक पाहिल्याबरोबर कळलं. पोस्टचा मजकूर गिटहबच्या यंत्रावर तयार होतो आणि तिथे घड्याळ जागतिक वेळेचं. आधीच्या चार दिवसांत पोस्टमध्ये वेळच नव्हती, म्हणून चूक दिसली नव्हती. संकेतस्थळावर वेळ बरोबर दिसत होती, कारण तिथे ती बघणाऱ्याच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दाखवली जाते. ज्यांनी दुवा उघडला त्यांना बरोबर वेळ मिळाली. ज्यांनी नुसती पोस्ट वाचली ते ओहोटीला येऊन उभे राहिले.

ऐरोलीहून पनवेल लोकल पकडली. गाडीतच फोनवरून दुरुस्त्या सुरू केल्या. फेसबुकची पोस्ट बदलता आली, टेलिग्रामची बदलता आली. इन्स्टाग्रामवर वेळ चित्रावरच छापलेली, त्यामुळे ती काढून टाकावी लागली. एक्स आणि ब्लूस्कायवर जुनी काढून नवी टाकली. प्रत्येक ठिकाणी आधी आपली पोस्ट शोधण्यात वेळ गेला, कारण कुठली पोस्ट कुठे गेली याचा हिशेब स्क्रिप्ट ठेवतच नव्हती. आणि व्हॉट्सॲपवर पुढे पुढे गेलेल्या फॉरवर्डना तर हातच लावता येत नाही. सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘९:३०’ दिवसभर फिरत राहिलं.

तलावावर पोचले तेव्हा काही कुटुंबं अजून होती. एक आजोबा नातवाला घेऊन वाशीहून आले होते. नातवाने गुलाबी टोपी घातली होती, खास आजच्यासाठी. मी माफी मागितली, दुपारी तीनला नक्की दिसतील म्हणाले. आजोबा म्हणाले, "तीनपर्यंत हा झोपतो हो." ते गेले. मला हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

दिवाळे कोळीवाड्यातले दादा सरांना भेटायला आले होते. त्यांना चूक सांगितली. ते म्हणाले, "ताई, काल गणेश जयंती झाली. आज चौथ सरून पाचम लागणार. पाणी तीन-पावणेचारला. सकाळी साडेनऊला भरती कशी असेल?" त्यांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. यंत्राने चुकवलेलं त्यांनी उभ्या उभ्या पकडलं.

दुपारी तीनच्या आधीपासून थवे यायला लागले. राहिलेल्या लोकांनी डोळे भरून पाहिले. सर मुलांना मोठा रोहित आणि छोटा रोहित चोचीवरून कसा ओळखायचा ते दाखवत होते. ती टोपी मात्र त्यांच्यात नव्हती.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी टाकली. तीन गोष्टी केल्या.

वेळेचं सगळं गणित आता भारतीय वेळेत, यंत्राचं घड्याळ काहीही असो. आणि पोस्ट निघण्याआधी दादांचा हिशेब: तिथीच्या पाऊणपटीशी सारणीतली वेळ ताडून बघायची, दीड तासाहून जास्त फरक असेल तर पोस्ट थांबते आणि मला निरोप येतो. सारणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यांवरून केलेली आहे. ते तक्ते मुंबई बंदराचे, आणि खाडीत आत येताना पाण्याला वेळ लागतो, म्हणून सर वरून थोडी मिनिटं घालतात. तिथीचा हिशेब त्या तक्त्याइतका बारीक नाही. पण साडेपाच तासांची चूक पकडायला तो पुरेसा आहे.

दुसरं, हिशेबवही. प्रत्येक पोस्ट कुठे गेली, तिचा तिथला क्रमांक काय. चूक सापडली तर एका आज्ञेने जिथे बदलता येते तिथे बदलायची, जिथे येत नाही तिथे काढून नवी टाकायची.

तिसरं, चित्रावर वेळ छापायची तर तारीखही तितक्याच मोठ्या अक्षरात. उद्या फिरणाऱ्या फॉरवर्डवर निदान ते कालचं आहे हे दिसेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

सरांशी वाद. आदरानेच, पण वाद.

माझं म्हणणं असं होतं की पोस्टमध्ये वेळ द्यायचीच नाही. ‘आज किती वाजता? इथे बघा’ एवढंच लिहून दुवा द्यायचा. चूक फिरणार नाही आणि लोकही संकेतस्थळावर येतील. सरांना ते अजिबात पटलं नाही. "ज्याला वेळ हवी आहे त्याला वेळ दे. ती लपवून त्याला आपल्या दारात बोलावणं म्हणजे पाणी मागणाऱ्याला आधी ओटीवर बसवून नाव-गाव विचारण्यासारखं आहे. आपण हे पक्ष्यांसाठी करतो ना?"

रात्रभर विचार केला. सर बरोबर आहेत. पोस्टने स्वतःपुरतं पूर्ण उत्तर द्यावं: आजची वेळ, आजची जागा. माणूस संकेतस्थळावर येईल तो पुढच्या प्रश्नासाठी. रविवारी किती वाजता? गाडी कुठे लावू? आईला चालवत नाही, तिला बसायला कुठे? या प्रश्नांची उत्तरं एका पोस्टमध्ये मावत नाहीत आणि रोज बदलतात, म्हणून त्यांची जागा संकेतस्थळ. दुव्याखाली आता ‘अधिक वाचा’ नाही. ‘या आठवड्याच्या सगळ्या वेळा’ असं स्पष्ट लिहिते. काय मिळणार हे कळलं की माणूस उघडतो.

सारणीच्या पानाचा पत्ता कधीच बदलायचा नाही, आत मात्र रोज ताजं. जुन्या पोस्टवरून महिन्याने कोणी आलं तरी त्याला त्या दिवशीची वेळ दिसायला हवी.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकच मजकूर पाचही ठिकाणी चालत नाही हे दोन आठवड्यांत पुरतं दिसलं. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दुवा दाबता येत नाही, तिथे दुवा देणं म्हणजे अक्षरांची रांग देणं. यंत्राने स्टोरी टाकली तर तिच्यावर दुव्याचं स्टिकर लागत नाही, ते हातानेच. म्हणून तिथे वेळ चित्रावर, दुवा प्रोफाइलमध्ये, आणि रविवारची स्टोरी मी स्वतः टाकते. टेलिग्रामवर चित्राखाली १,०२४ चिन्हं मावतात, तिथले लोक निवांत वाचतात, म्हणून सरांचं निरीक्षण जवळजवळ पूर्ण. एक्सवर एक वाक्य.

लेखाच्या पानावर आता पाच रिकामे रकाने आहेत, प्रत्येक दारासाठी पहिली ओळ. त्या सर सांगतात आणि मी लिहिते. रकाना रिकामा असेल तर यंत्र त्या दारी जात नाही. वाहून न्यायचं काम यंत्राचं, बोलायचं त्याच्यावर सोपवायचं नाही. आजची टेलिग्रामची ओळ अशी: ‘काल संध्याकाळी पाणी उतरताना थवा एकदम उठला आणि अर्धा तलाव उडून गेल्यासारखा वाटला.’ असं वाक्य कुठल्या साच्यातून येणार?

२२ फेब्रुवारी, शनिवार

महत्त्वाची नोंद, सगळ्यांसाठी.

गटातल्या एकाने घुबडाच्या घरट्याचा फोटो संकेतस्थळावर चढवला. मजकुरात जागेचं नाव नव्हतं, त्याने काळजी घेतली होती. पण फोनने काढलेल्या फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. मोठी समाजमाध्यमं लोकांना दाखवताना ते सहसा काढून टाकतात, आपलं संकेतस्थळ काढत नव्हतं. मूळ फोटो कोणीही उतरवून घेतला असता तर थेट झाडापाशी पोचला असता. आणि आपण तर लोकांना मूळ पानावर बोलावण्यासाठीच एवढा खटाटोप करतो आहोत.

फोटो वेळेत काढला. आता चढवतानाच आतली जागा पुसली जाते आणि मगच फोटो पुढे जातो. घरट्यांचे फोटो स्वयंचलित रांगेत घ्यायचेच नाहीत. ते सर बघतील, आणि बहुतेक वेळा नाही म्हणतील.

११ मार्च, मंगळवार

एका मुलीचा इन्स्टाग्रामवर निरोप. "ताई, तुम्ही वेळा देणं बंद केलं का? आम्ही कॉलेजमधून रोज बघायचो."

बघते तर शुक्रवार, ७ मार्चपासून इन्स्टाग्रामवर काहीच नाही. ६ जानेवारी अधिक ६० दिवस. टोकनची मुदत संपली होती, आणि ती ६० दिवसांची असते हे मी याच नोंदीत लिहून ठेवलं होतं. बाकीच्या चार ठिकाणी सगळं सुरळीत, म्हणून शंकाही आली नाही.

टोकन आता दर महिन्याला यंत्र स्वतःच नवं करून घेतं. आणि रोज सकाळी ७:४० ला मला टेलिग्रामवर एक ओळ येते: पाचपैकी किती दारी पोस्ट गेली. बिघडलं तरच कळवायचं असं ठेवलं नाही. रोजची ओळ नाही आली तर कळवणाराच बंद पडलाय हेही कळतं.

त्या मुलीला लिहून आभार मानले. तिने वर्गातल्या मुलांसाठी भरतीच्या गणिताचा लेख मागितला. सरांना सांगितलं, ते लगेच लिहायला बसले.

१९ मार्च, बुधवार

आकडे पाहिले. ‘टेलिग्राम’ खुणेवरून येणारे लोक चॅनलच्या सदस्यांपेक्षा जास्त. आधी आनंद झाला, मग उलगडलं. टेलिग्रामवरचा दुवा लोक उचलून व्हॉट्सॲपवर टाकतात आणि दुव्याबरोबर ‘टेलिग्राम’ ही खूणही जाते. म्हणजे खूण सांगते ती दुव्याच्या पहिल्या घराची गोष्ट, माणूस कुठून आला त्याची नाही. अहवालात आता तसंच लिहायचं.

सगळ्यांत जास्त उघडलं जाणारं पान आठवड्याच्या सारणीचं, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांत जास्त. त्यावरून शनिवार-रविवारच्या वेळा शुक्रवारी दुपारीच पाठवायला लागले. सारणीवरून लोक ‘कुठे उभं राहायचं’ या पानावर जातात. ड्रोनचं पान मात्र जवळजवळ कोणी उघडत नाही. म्हणून ते वेगळं पान मोडलं आणि त्यातली दोन वाक्यं सारणीच्या खालीच घातली. वेळ बघायला येणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ती जातीलच.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

प्रतिपदा, म्हणजे दादांच्या हिशेबाने भरती पाऊणला. सारणी त्याच्या जवळपासच. पोस्ट ७:१७ ला पाचही दारी गेली, ७:४० ला ओळ आली. व्हॉट्सॲप चॅनलवर मी हाताने टाकली, सरांनी सांगितलेल्या शुभेच्छेसह.

गुढी उभारून साडेअकराला नेरूळला. तलावाच्या कडेला बरीच माणसं, बहुतेक नव्या कपड्यांत. एक बाई फोन बघून नवऱ्याला सांगत होत्या, "अजून अर्ध्या तासात येतील, इथे लिहिलंय. आणि कुंपणाच्या पुढे जायचं नाही." मी शेजारीच होते, काही बोलले नाही. बाराला पहिला थवा उतरला.

उरलेलं काम: मे अखेरीस पक्षी परतायला लागले की रोजची पोस्ट थांबवायची. पावसाळ्यात त्याच रांगेतून येऊरच्या जंगलाचे लेख. सरांचे फेसबुकवर हरवलेले लेख शोधून संकेतस्थळावर आणायचे, आतापर्यंत दोन सापडले.